नवा लॅपटॉप : सोबत आलेले विंडोज तसेच ठेवावे की सगळे पुसून कोरे टाकावे?

पानशेतकर (शनिवार, रात्री ९.१२)

नमस्कार. घरच्या वापरासाठी आणि मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी नुकताच एक लॅपटॉप घेतला आहे. इंटेलचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज आणि सोबत ऑफिस २०२४ असा सगळा ऐवज आहे. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यात आधीपासूनच ठाण मांडून बसलेल्या मंडळींबद्दल. मुदतीचा अँटिव्हायरस ऊठसूट वर्गणी मागतो, उत्पादक कंपनीचे तीन निरनिराळे साहाय्यक प्रोग्राम एकच काम करू पाहतात, आणि ज्यांचे नावही कधी ऐकले नाही अशा खेळांची चिन्हे स्टार्ट मेनूत आहेत.

जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ आणि नंतर १० मी स्वतःच टाकले होते, त्यामुळे पेनड्राइव्हवरून बूट करणे माझ्यासाठी नवे नाही. नव्या लॅपटॉपवर हे करावे का, आणि करायचे झाल्यास पुसण्याआधी कोणत्या गोष्टी राखून ठेवाव्यात, याबद्दल अनुभवी सदस्यांनी सांगावे. परवाना हातचा जाईल का, ही मुख्य धास्ती आहे.

चिंचोका (शनिवार, रात्री ९.२०)

खुशाल टाका. नवा लॅपटॉप घरात आला की आधी फॉरमॅट मारायचा आणि मगच पूजा करायची, असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

दशमान (शनिवार, रात्री ९.४७)

मी याच्या विरोधात मत देतो. सेटिंग्जमध्ये जाऊन नको असलेले प्रोग्राम काढून टाकणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि बहुतेकांची गरज तेवढ्यावर भागते. सगळे पुसण्याची हौस डेस्कटॉपच्या काळातली आहे. तेव्हा मदरबोर्डसोबत ड्रायव्हरची (यंत्राचा एकेक भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सीडी मिळत असे आणि यंत्रही आजच्या लॅपटॉपइतके गुंतागुंतीचे नसे. आता स्पीकरचा आवाज जुळवणारे सॉफ्टवेअर, पडद्याचे रंग ठरवणारी प्रोफाइल, बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर, पंख्याचा वेग बदलणारी कळ आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय हे सारे उत्पादकाने त्या त्या मॉडेलसाठी बसवून दिलेले असते. कोरे विंडोज टाकल्यावर यातले बरेचसे विंडोज अपडेट आपोआप आणून देते हे खरे, पण जे आणत नाही ते शोधत बसण्यात रविवार जातो.

अनुस्वार (शनिवार, रात्री १०.३५)

दशमान यांचा मुद्दा रास्त आहे, परंतु काढून टाकलेला प्रोग्राम पूर्णपणे जातो हे त्यांचे गृहीतक मला मान्य नाही. मागे राहणाऱ्या सेवा, नियोजित कामे आणि रजिस्ट्रीतील नोंदी हा त्रासाचा लहान भाग झाला. मोठा भाग विश्वासाचा आहे. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या आरंभी लेनोव्होच्या काही घरगुती लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच येत होते. त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (संकेतस्थळ खरे की खोटे हे संगणक ज्याच्या भरवशावर ठरवतो ते) बसवले होते आणि त्याची खासगी किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती. ती एकदा फुटल्यावर त्या लॅपटॉपवरून बँकेच्या सुरक्षित वाटणाऱ्या संकेतस्थळाशी बोलतानासुद्धा मध्ये कोणी तिसरा बसू शकत होता. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी प्रमाणपत्र मागे राहत असे, ते वेगळे काढावे लागे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी २०१७ मध्ये कंपनीशी तडजोड केली. त्या प्रसंगानंतर उत्पादकांनी बराच धडा घेतला असला, तरी बँकेचे व्यवहार ज्यावर करायचे त्या यंत्रात काय आहे हे आपल्याला ठाऊक असावे, एवढे मी पाळतो.

परवान्याची काळजी सोडा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोठ्या उत्पादकांच्या यंत्रांत परवान्याची किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (यंत्रातच कायम असलेल्या मूलभूत सॉफ्टवेअरमध्ये) साठवलेली असते. विंडोज ७ च्या काळी लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेले जे स्टिकर घासून पुसट होत असे, त्याची जागा आता तिने घेतली आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल'ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करा. तो फर्मवेअरमधली किल्ली वाचतो, होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती स्वतःच निवडतो आणि इंटरनेट मिळताच सक्रिय होतो.

सातासमुद्रा (रविवार, पहाटे २.०५)

अनुस्वार यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पुस्ती जोडतो. आमच्याकडे अमेरिकेत घेतलेल्या लॅपटॉपांवर सहसा साधी होम आवृत्ती असते, सिंगल लँग्वेज नसते. मात्र त्या टूलने तयार केलेल्या पेनड्राइव्हमध्ये दोन्ही आवृत्त्या असल्यामुळे एकच पेनड्राइव्ह इथल्या आणि पुण्याला आईकडे असलेल्या अशा दोन्ही यंत्रांना चालला.

गोदातीर (रविवार, सकाळी ८.१५)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोजमधलाच 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय का वापरू नये? त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडले की सगळे जातेच ना?

अनुस्वार (रविवार, सकाळी ९.०२)

गोदातीर ताई, तुमच्या फायली आणि तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात, उत्पादकाचे मात्र जातीलच असे नाही. विंडोज १० पासून रीसेट होताना यंत्रणा पुन्हा उभारली जाते, आणि सी ड्राइव्हवरच्या 'रिकव्हरी' या लपवलेल्या फोल्डरमध्ये उत्पादकाने ठेवलेले पॅकेज तिच्यावर परत चढवले जाते. म्हणजे ज्या पाहुण्यांना हाकलायचे होते तेच मागच्या दाराने आत येतात. २०२० पासून असलेला 'क्लाउड डाउनलोड' हा पर्याय विंडोजच्या फायली इंटरनेटवरून ताज्या आणतो खरा, पण म्हणून ते पॅकेज वगळले जाते असे नाही. विकताना किंवा भाच्याला देताना रीसेट उत्तम. पानशेतकरांना हवे आहे ते मात्र त्याने साधेलच अशी खात्री नाही.

दशमान (रविवार, सकाळी ९.३०)

मग पूर्ण कोऱ्या इन्स्टॉलनेही ते साधते का, हेही सांगा. फर्मवेअरमधून विंडोजला एखादा प्रोग्राम सोपवण्याची अधिकृत सोय मायक्रोसॉफ्टनेच करून ठेवली आहे. 'विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल' असे तिचे नाव. २०१५ मध्येच लेनोव्होच्या 'सर्व्हिस इंजिन'चे प्रकरण उघडकीस आले ते याच सोयीवर बेतलेले होते. लोक डिस्क कोरी करून विंडोज टाकत आणि बूट होताच कंपनीचे सॉफ्टवेअर पुन्हा हजर होत असे. कंपनीने नंतर बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या त्या फर्मवेअरचे, अपडेट देऊन ते काढले. आजही काही उत्पादकांची यंत्रे कोऱ्या विंडोजवर पहिल्याच बूटनंतर 'आमचे सॉफ्टवेअर बसवू का' असे विचारतात. ते बंद करण्याचा पर्याय बायोसमध्ये असतो, तो आधी पाहावा.

अनुस्वार (रविवार, सकाळी ९.४१)

हा मुद्दा बिनतोड आहे. बायोसमधील तो पर्याय शोधणे हे पहिल्या कामांतच धरावे.

माजी_लेखापरीक्षक (रविवार, सकाळी ११.१८)

पुसण्याच्या तंत्रापेक्षा पुसण्याआधीच्या कामांवर कोणी फारसे बोललेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

सर्वांत आधी यंत्र नीट तपासून घ्यावे. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मृत बिंदू पाहावेत, प्रत्येक कळ दाबून पाहावी, सर्व यूएसबी पोर्ट आणि कॅमेरा वापरून पाहावा, आणि 'पॉवरसीएफजी' या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढून ठेवावा. दोष निघून यंत्र बदलून घ्यायची वेळ आली, तर विक्रेता ते मूळ स्थितीत मागतो, आणि तुम्ही डिस्क कोरी केलेली असली की वादाला निमित्त मिळते. बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत धीर धरला तर उत्तमच.

दुसरे काम ऑफिसचे. ते विंडोजसारखे आपोआप परत येते असे धरून चालू नये. आलेल्या स्थितीतच एकदा वर्ड उघडून, स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून ते खात्याला जोडून घ्यावे आणि खात्याच्या संकेतस्थळावर त्याची नोंद दिसते ना, याची खात्री करावी. एकदा नोंद झाली की कोऱ्या विंडोजवर तिथूनच ऑफिस उतरवता येते. हे खाते कोणाचे असावे हे घरात आधी ठरवा. आमच्या एका अशिलाकडे दुकानदाराने स्वतःच्याच खात्याने ऑफिस चालू करून दिले होते, आणि ते प्रकरण निस्तरताना सर्वांचीच दमछाक झाली.

तिसरे, कारखान्यातील मूळ प्रतिमा, म्हणजे यंत्रासोबत आलेल्या संपूर्ण विंडोजची प्रत. डिस्कवरील रिकव्हरी विभाजन (तिच्यासाठी राखलेला भाग) पुसले की ती गेली. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या यंत्रावरील क्रमांकावरून आपल्या मॉडेलची मूळ प्रतिमा उतरवून पेनड्राइव्हवर घेण्याची साधने देतात. ३२ जीबीचा एक पेनड्राइव्ह त्यासाठी खर्ची घालावा आणि बिलासोबत ठेवून द्यावा. हार्डवेअरच्या हमीला कोऱ्या इन्स्टॉलमुळे सहसा बाधा येत नाही, परंतु ध्वनी किंवा वायफायची तक्रार घेऊन गेल्यावर सेवाकेंद्रातील तंत्रज्ञ 'आधी मूळ विंडोज टाकून दाखवा' असे म्हणू शकतो. तेव्हा हाच पेनड्राइव्ह कामाला येतो.

माझ्या व्यवसायबंधूंसाठी जाता जाता एक सांगतो. जुना, वापरातला संगणक पुसणार असाल, तर टॅलीचा परवाना आधी 'सरेंडर' करा, डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर कोणते होते ते लिहून ठेवा, आणि मगच पुढे जा. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नये, हे वेगळे सांगायला नको.

घनदाट (रविवार, दुपारी १.५०)

लेखापरीक्षक काकांनी लिहिलेल्यात भर घालण्यासारखे थोडेच उरले आहे, पण पानशेतकरांचा प्रोसेसर इंटेलचा आहे म्हणून एक अडथळा आधीच सांगतो. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत एसएसडी 'व्हीएमडी' नावाच्या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये असतोच असे नाही. मग होते ते असे : पेनड्राइव्हवरून बूट झाले, भाषा आणि कळफलक निवडला, 'सर्व काही पुसले जाईल हे मला मान्य आहे' या चौकटीत खूण केली, आणि 'विंडोज कुठे टाकायचे' हे विचारणाऱ्या पडद्यावर यादीत फक्त तुमचा पेनड्राइव्ह दिसतो. एसएसडी गायब! नवखा माणूस इथे घाबरतो आणि डिस्क निकामी झाली असे समजून दुकान गाठतो.

यावर दोन उपाय आहेत. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून 'रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी'चा, म्हणजे व्हीएमडीसाठी लागणारा, ड्रायव्हर आधीच उतरवून, तो उलगडून पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि त्या पडद्यावरील 'लोड ड्रायव्हर' या दुव्याने तो निवडायचा. यादीत व्हीएमडी असा उल्लेख असलेली ओळ निवडली की एसएसडी लगेच दिसू लागते. फोल्डरमध्ये 'आयएनएफ' प्रत्यय असलेल्या फायली असायला हव्यात, नुसती सेटअपची फाइल ठेवून उपयोग नाही. दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचे. तो सोपा आहे, आणि एकाच एसएसडीच्या लॅपटॉपवर त्याने फारसे काही बिघडत नाही. मात्र ज्या स्थितीत विंडोज टाकले त्याच स्थितीत ते पुढे ठेवावे लागते. नंतर कधी तो पर्याय उलटवला तर निळा पडदा येऊन विंडोज सुरूच होत नाही.

याच तऱ्हेने वायफायचा ड्रायव्हर नसणे हीही नेहमीची गोष्ट आहे. होम आवृत्तीला पहिल्या मांडणीच्या वेळी इंटरनेट लागतेच, आणि वायफाय नसले की गाडी तिथेच अडते. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) चालू करा. अँड्रॉइड फोनसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

गोदातीर (रविवार, दुपारी २.२५)

हे सगळे ड्रायव्हर संकेतस्थळावरून एकेक उतरवण्यापेक्षा चालू विंडोजमधूनच काढून ठेवता येत नाहीत का?

घनदाट (रविवार, दुपारी २.४०)

येतात, आणि तेच करावे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पीएनपीयूटिल' या आज्ञेला 'एक्सपोर्ट-ड्रायव्हर' हा पर्याय द्यायचा, पुढे तारांकित चिन्ह आणि पेनड्राइव्हवरील फोल्डरचा पत्ता लिहायचा. उत्पादकाने बसवलेले सर्व ड्रायव्हर उलगडलेल्या स्थितीत तिथे जमा होतात, व्हीएमडीचा आणि वायफायचाही त्यातच असतो. कोऱ्या विंडोजवर त्याच आज्ञेला 'ॲड-ड्रायव्हर' सांगितले, आणि उपफोल्डरांसह बसवण्याचे पर्याय जोडले, की दशमान यांचा रविवार वाचतो.

दशमान (रविवार, दुपारी ३.०५)

माझा रविवार हा धागा वाचण्यातच गेला आहे. पण ही युक्ती चांगली आहे हे मान्य करतो.

रातराणी (रविवार, दुपारी ४.३०)

बायोसमध्ये हात घालण्याचा सल्ला दिला जात आहे, तर एन्क्रिप्शनचा, म्हणजे डिस्कवरील मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा कुलूपबंद करण्याचा, इशाराही सोबत हवा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की बहुतेक वेळा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' न विचारता चालू होते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर कोऱ्या इन्स्टॉलनंतरही ते आपोआप होते. त्यानंतर बायोसमधील सुरक्षेशी निगडित काही बदलले, तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागितली जाते. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात, आणि एकही अंक चुकून चालत नाही. ही किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. आधीचे विंडोज पुसायचेच असेल तर प्रश्न नाही. काळजी घ्यायची ती नवे टाकल्यानंतर.

चिंचोका (रविवार, सायंकाळी ५.१०)

४८ अंक! आमच्या घरात गॅसचा ग्राहक क्रमांकसुद्धा वेळेवर सापडत नाही.

केवडा (रविवार, सायंकाळी ६.४५)

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बाब. विंडोज कोरे टाकल्यावर मंगल हा फाँट त्यात आपोआप असेलच असे नाही. आता मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे सारे 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या ऐच्छिक घटकात असतात, आणि सेटिंग्जमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की ते उतरतात. तोवर मंगलमध्ये केलेले जुने दस्तऐवज निर्मला या फाँटमध्ये दिसू लागतात, ओळी वरखाली होतात आणि पानांची संख्या बदलते. मी शाळांसाठी प्रश्नपत्रिका जुळवण्याचे काम करते. तिथे एक ओळ पुढच्या पानावर गेली तरी पंचाईत होते, म्हणून छपाईच्या आधी हे पाहण्याची सवय लावून घेतली आहे. मराठी जोडताना इन्स्क्रिप्टसोबत 'मराठी फोनेटिक' हा कळफलकही निवडता येतो. २०१९ पासून तो विंडोजमध्येच आहे, त्यासाठी वेगळे काही टाकावे लागत नाही.

मुक्तस्रोत (रविवार, रात्री ८.००)

एवढे कष्ट घेणारच आहात, तर विंडोजऐवजी उबुंटू किंवा फेडोरा ही लिनक्स प्रणाली टाका. मुलगी अभियांत्रिकीला आहे, तिला उपयोगच होईल.

पानशेतकर (रविवार, रात्री ८.५०)

मुक्तस्रोत साहेब, तिच्या महाविद्यालयाचे रेखाटनाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, त्यामुळे तूर्त तो विचार नाही. बाकी सर्वांचे आभार. कोरे विंडोजच टाकायचे ठरवले आहे. बदलून घेण्याची मुदत अजून शिल्लक आहे, ती संपू देतो. तोवर ऑफिस मुलीच्या खात्याला जोडून घेतो, मूळ प्रतिमेचा पेनड्राइव्ह आणि ड्रायव्हरांचा फोल्डर तयार करतो. दोन शंका आहेत. आताच्या विंडोजमध्ये एसएसडी ४७६ जीबीच दिसते, उरलेली जागा रिकव्हरीने घेतली आहे का? आणि जुन्या सवयीप्रमाणे सी आणि डी असे दोन भाग करावेत का?

अनुस्वार (रविवार, रात्री ९.१५)

जागा कोणी घेतलेली नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. ५१२ चे ४७६ होतात ते त्या हिशेबाने. रिकव्हरीचे विभाजन त्याच ४७६ मधून जागा घेते आणि ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये वेगळे दिसते. डी ड्राइव्ह करण्याचे बंधन नाही. विंडोज पुन्हा टाकताना डी वरचा मजकूर वाचतो हा फायदा खरा, पण एसएसडीच बिघडली तर सी आणि डी दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे तो बॅकअपला पर्याय नव्हे. इन्स्टॉलरच्या यादीत एसएसडीवरील सर्व विभाजने काढून 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ राहू द्या आणि तीच निवडून पुढे जा, बाकीची लहान विभाजने तो स्वतः करतो. त्या वेळी बाहेरची कोणतीही हार्ड डिस्क जोडलेली नको. यादीतील आकारावरून एसएसडी आणि पेनड्राइव्ह ओळखून मगच 'डिलीट' दाबा.

पानशेतकर (पुढील शनिवार, दुपारी १२.४०)

काम झाले. घनदाट यांनी लिहिल्याप्रमाणे यादीत एसएसडी खरोखरच नव्हती. ड्रायव्हरांच्या फोल्डरमधून व्हीएमडीचा निवडताच ती अवतरली. विंडोज आपोआप सक्रिय झाले, ऑफिसही उतरले. बायोसमधील उत्पादकाचे सॉफ्टवेअर सुचवणारा पर्याय आधीच बंद केला होता, त्यामुळे तिकडून काही आले नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः स्टार्ट मेनूत डकवलेली चिन्हे मात्र आहेतच, ती हाताने काढली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक 'अननोन डिव्हाइस' पिवळ्या त्रिकोणासह राहिले आहे. वायफाय, आवाज, ठसा सगळे चालते, मग हे काय असावे?

घनदाट (पुढील शनिवार, दुपारी १.०५)

त्यावर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज', 'डीटेल्स', मग 'हार्डवेअर आयडीज' पाहा. सुरुवात 'एसीपीआय' ने होत असेल, तर बहुधा विशेष कळांचा किंवा ऊर्जा-व्यवस्थापनाचा ड्रायव्हर आहे. 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये तुमच्या त्या फोल्डरचाच पत्ता द्या आणि उपफोल्डर धुंडाळण्याची खूण तशीच ठेवा.

पानशेतकर (पुढील शनिवार, दुपारी १.३०)

कळांचाच होता. पडद्याचा उजेड कमीजास्त करणारी कळ आता पडद्यावर पट्टी दाखवू लागली आहे.

दशमान (पुढील शनिवार, दुपारी २.१०)

अभिनंदन. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्यासाठी उत्पादकाचे एक सॉफ्टवेअर तरी परत टाकावे लागेल, ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घ्या. तिघांपैकी एकाला तेवढी परवानगी द्यायला हरकत नसावी.